मूल बोलताना अडखळते तेव्हा: परभणी जिल्ह्यातील एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गेल्या आठ महिन्यांपासून तो बोलताना अडखळतो. ‘म-म-म-मला’ असे करतो, तर कधी तोंड उघडे राहते पण आवाजच निघत नाही. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा असून लहानपणापासून तोतरे बोलतो. पोराने त्याचीच सवय उचलली असे घरात सगळे म्हणतात, म्हणून भावाला पोरासमोर कमी बोलायला सांगितले आहे. आई म्हणते, जिभेखालची तार कापून घ्या. यावर इलाज आहे का? आणि भावाचे आता काही होऊ शकते का?

तुमच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी एक विनंती करते. भावावर घातलेले ते बंधन आजच उठवा. तोतरेपणा ऐकून लागत नाही. एखादे मूल गंमत म्हणून चार दिवस काकाची नक्कल करील आणि सोडून देईल, पण नक्कल करणाऱ्या मुलाचा आवाज घशात कोंडत नाही आणि तुम्ही वर्णन केले आहे तसे उघडे तोंड निःशब्द राहत नाही. एकाच घरात दोघे-तिघे अडखळणारे आढळतात ते सहवासामुळे नव्हे, तर अनुवंशामुळे. एकबीज जुळ्या भावंडांपैकी एक जण अडखळत असेल तर दुसऱ्यानेही अडखळण्याची शक्यता इतर जुळ्यांपेक्षा बरीच जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 2010 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील एका कुटुंबाचा, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या अनेक जण अडखळत होते, अभ्यास करून पेशींमधील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेशी संबंधित एका जनुकात बदल शोधून काढला. असे जनुकीय बदल थोड्याच लोकांत सापडतात, तरीही हा शरीराच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, वळण बिघडल्याचा नव्हे, एवढे त्यावरून निश्चित होते. तुमच्या घरात तुमच्या मुलाला काय होते हे आतून जाणणारा एकच माणूस आहे आणि त्यालाच आपण गप्प बसवले आहे. काकाला बोलू देत नाहीत हे मूल पाहत असते. असे बोलणे लाजिरवाणे असते, हा अर्थ ते त्यातून आपोआप काढते.

आता मुळात काय होते ते पाहू. एक साधे वाक्य बोलायचे तरी श्वास, स्वरयंत्र, जीभ, टाळू, जबडा आणि ओठ यांच्या हालचाली सेकंदाच्या लहानशा भागात एकमेकींशी जुळाव्या लागतात. लेझीम पथकात एकाचे पाऊल मागे पडले की सगळी रांग क्षणभर अडते, तसे येथे घडते. बोलायचे काय ते मुलाला पूर्ण ठाऊक असते, शब्द डोक्यात तयार असतो, पण तो उच्चारण्याची वेळ साधणाऱ्या मेंदूतील जोडण्या किंचित वेगळ्या रीतीने काम करतात. मेंदूच्या प्रतिमांवरील अभ्यासांत डाव्या बाजूच्या भाषेशी संबंधित भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये आणि हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या खोलवरच्या केंद्रांमध्ये फरक आढळले आहेत. बुद्धीचा याच्याशी काहीही संबंध नाही. अडखळणे तीन प्रकारे दिसते: आवाज किंवा अक्षर पुन्हा पुन्हा येणे, आवाज ताणला जाणे, जसे ‘स्स्स्साखर’, आणि आवाज पूर्ण अडणे. ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणणे किंवा बोबडे बोलणे ही निराळी बाब आहे आणि तिचे उपचारही निराळे आहेत. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, म्हणून तपासणीत त्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

दोन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांचे बोलणे मध्ये मध्ये तुटते. ‘मला, मला ना, मला ते लाल पाहिजे’ असे पूर्ण शब्द किंवा शब्दसमूह सहजपणे, ताणाशिवाय पुन्हा म्हणणे ही भाषा वाढत असल्याची खूण आहे आणि तिची काळजी करू नये. शब्दाचा तुकडाच तीन-चार वेळा येऊ लागला, आवाज ताणला किंवा अडला, पट्टी वर चढू लागली, ओठांभोवती थरथर दिसू लागली, शब्द बाहेर काढण्यासाठी मूल पाय आपटू किंवा मान झटकू लागले, तर मात्र ते खरे अडखळणे समजावे. तुमच्या वर्णनातील ‘म-म-म-मला’ आणि निःशब्द उघडे तोंड ही दोन्ही लक्षणे याच दुसऱ्या गटात बसतात.

साधारणपणे 100 पैकी 5 किंवा त्याहून थोडी अधिक मुले बालपणी कधी ना कधी अडखळतात, तर मोठ्या माणसांत हे प्रमाण 100 मागे 1 च्या आसपास राहते. म्हणजे बहुसंख्य मुलांचे अडखळणे, चारपैकी सुमारे तिघांचे, पुढील काही वर्षांत आपोआप जाते. हे ऐकून पालक निश्चिंत होतात आणि अनेक डॉक्टरही ‘मोठा झाला की जाईल’ असे सांगून पाठवतात. माझे मत याबाबत स्पष्ट आहे. जाणारे कोणाचे आणि राहणारे कोणाचे हे सुरुवातीला खात्रीने सांगता येत नाही, पण धोका कोणाला अधिक आहे याचा अंदाज बांधता येतो. मुलगा असणे, घरात मोठेपणीही अडखळणारी व्यक्ती असणे, साडेतीन वर्षांच्या वयानंतर सुरुवात होणे आणि सहा महिने ते वर्ष उलटूनही ते कमी न होणे, या त्या खुणा आहेत. तुमच्या मुलाच्या बाबतीत चारही दिसतात. म्हणून तुम्ही आणखी वाट पाहू नये. शाळेत जाण्याआधीच्या वयात उपचारांना जो प्रतिसाद मिळतो, तसा पुढे सहसा मिळत नाही.

आजींचे म्हणणे प्रेमापोटी आहे, परंतु जिभेखालचा पडदा आणि अडखळणे यांचा संबंध नाही. तो पडदा फार आखूड असेल तर अंगावर पिण्यात किंवा काही आवाजांत अडचण येऊ शकते, पण जी जीभ चार शब्द सहज उच्चारून पाचव्यावर अडते तिला बांधलेली म्हणता येत नाही. अशी शस्त्रक्रिया पूर्वी झालेली आहे. 1841 मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक डिफेनबाख यांनी तोतरेपणा घालवण्यासाठी रुग्णांच्या जिभेचा भाग कापण्याची पद्धत काढली आणि युरोपात तिचे अनुकरणही झाले. रुग्णांना यातना सोसाव्या लागल्या, तोतरेपणा राहिला, आणि ती पद्धत लवकरच बंद पडली. तोंडात खडे धरून बोलायला लावणे, जिभेवर वेखंड चोळणे, शंखातून पाणी पाजणे हेही करू नका. खडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. ‘कुत्र्याला घाबरला तेव्हापासून’ असेही पुष्कळ घरांत सांगितले जाते. भीतीने अडखळणे सुरू होत नाही, ते ज्या वयात सुरू होते त्या वयात मुले घाबरण्याचे प्रसंगही येतच असतात. मात्र लोक हसले, टोकले की अडखळण्यातून भीती निर्माण होते, आणि ती पुढे अडखळणे वाढवते.

एक गोष्ट पालकांना फार गोंधळात टाकते. सप्ताहात भजन म्हणताना, शाळेच्या प्रार्थनेत, आरतीत, किंवा एकट्याने बैलाशी-वासराशी बोलताना हीच मुले जराही अडखळत नाहीत. त्यावरून ‘मनात आणले तर नीट बोलतो, मुद्दाम करतो’ असा निष्कर्ष काढून मार दिला जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. समूहात म्हणताना ताल बाहेरून मिळतो, गाण्यात स्वर लांबवले जातात आणि शब्द आधीच ठरलेले असतात. वासरासमोर कोणी उत्तराची वाट पाहत नसते. या सगळ्यांत मेंदूवरील वेळ साधण्याचा भार हलका होतो. तसेच कालचा दिवस उत्तम जाऊन आजचा वाईट जाणे हाही या विकाराचा स्वभावच आहे, मुलाचा हट्ट नव्हे.

मराठवाड्यात अनेक मुलांची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते. तांड्यावर गोरमाटी, गावात दखनी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, आणि आता इंग्रजी माध्यम. दोन भाषांमुळे तोतरेपणा येतो असे मानून घरची भाषा बंद करणे चुकीचे आहे. अडखळणारे मूल सहसा दोन्ही भाषांत अडखळते. नवी भाषा शिकताना शब्द न आठवल्याने थांबणारे मूल तोतरे नसते. तपासणी घरच्या भाषेतही व्हायला हवी, आणि बोलण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे थेरपिस्टला, ती येत नसेल तर आईने मुलाशी बोलावे व त्यांनी पाहावे.

आता घरी काय करावे ते सांगते. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा म्हण’, ‘आधी विचार कर’ ही वाक्ये आजपासून बंद करा. ती सांगणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण मुलाला एवढेच कळते की आपण काय सांगतो याकडे कोणाचे लक्ष नाही, कसे सांगतो याकडे आहे. त्याऐवजी स्वतःचे बोलणे संथ करा. त्याने वाक्य संपवले की मनात एक-दोन मोजून मग उत्तर द्या. एकत्र कुटुंबात जेवताना पाच जण एकदम बोलतात आणि लहान मुलाला मध्ये शिरण्यासाठी घाई करावी लागते. तेथे एकाचे पुरे झाल्यावर दुसऱ्याने बोलायचे, हा नियम सर्वांसाठी करा, फक्त त्याच्यासाठी नको. प्रश्नांचा मारा कमी करा. ‘आज शाळेत काय केले, कोण भेटले, काय खाल्ले’ असे विचारण्याऐवजी ‘आज फार ऊन होते, आम्ही मळ्यातून लवकर आलो’ असे काही सांगा, त्याला वाटले तर तो बोलेल. रोज पाच-दहा मिनिटे आई किंवा वडिलांनी मोबाईल बाजूला ठेवून फक्त त्याच्याशी खेळावे, आणि त्या वेळेत घाई कशाचीच नसावी. त्याचे अडलेले शब्द तुम्ही पूर्ण करू नका. तो स्वतःच वैतागून ‘मला बोलता येत नाही’ म्हणाला तर विषय टाळू नका. ‘शब्द अडला ना? अडतो कधी कधी. सांग, मी ऐकतोय’ एवढे पुरेसे आहे.

येथे एका जुन्या गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन यांचे मत असे होते की पालक मुलाच्या साध्या अडखळण्याला तोतरेपणा म्हणतात आणि त्यातूनच तोतरेपणा जन्मतो. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एका अनाथालयातील 22 मुलांवर प्रयोग झाला, ज्यात नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही ‘तू तोतरा आहेस’ असे सांगून सतत टोकण्यात आले. ती मुले तोतरी झाली हे त्यातून सिद्ध झाले नाही, पण ती बुजली, बोलेनाशी झाली, आणि 2001 मध्ये विद्यापीठाला त्याबद्दल माफी मागावी लागली. म्हणून तुमच्या पत्नीला ‘तुझ्यामुळे झाले’ असे कोणी म्हणत असेल तर ते ठामपणे थांबवा. अडखळणे घरच्यांमुळे येत नाही. मुलाने तरीही बोलत राहावे की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी घरच्यांवर ठरते.

या वयाच्या मुलांसाठी ज्या पद्धतीचे पुरावे चांगले आहेत ती ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकम पद्धत होय. यात उपचार देणारे पालकच असतात. रोजच्या ठरावीक खेळाच्या वेळात मूल सलग बोलले की ‘छान, सरळ निघाले’ अशी मोजकी दाद द्यायची, अडखळण्याचा उल्लेख अगदी क्वचित आणि सौम्यपणे करायचा, आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या बोलण्याला ठरलेल्या पट्टीवर अंक द्यायचा. न्यूझीलंडमधील 54 मुलांवरील नियंत्रित अभ्यासात, जो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, या पद्धतीने उपचार झालेल्या मुलांचे अडखळणे नऊ महिन्यांनंतर ही पद्धत न वापरलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होते. दुसरी पद्धत अप्रत्यक्ष आहे. ती मुलावरील बोलण्याचा दाब कमी करते. नेदरलँड्समध्ये 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही पद्धतींचे निकाल 18 महिन्यांनी जवळपास सारखे आले. कोणती निवडायची ते थेरपिस्टने घरची परिस्थिती पाहून ठरवावे. व्हिडिओ पाहून दाद देण्याची पद्धत स्वतःहून सुरू करू नका, कारण ती जास्त झाली की मुलाला सतत परीक्षा दिल्यासारखे वाटते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत दिवाळीनंतर उपचार तुटतात. अशा वेळी गावी राहणाऱ्या आजीला पद्धत शिकवून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करणे हा मार्ग उपयोगी पडतो.

तुमच्या भावाविषयी. 26 व्या वर्षी अडखळणे पूर्ण जाईल असे मी सांगणार नाही, आणि जो तसे सांगतो त्याच्याकडे जाऊ नका. पण त्याचे आयुष्य बदलू शकत नाही असेही नाही. माझ्याकडे आलेला एक तरुण परभणीहून गंगाखेडला जाताना नेहमी परळीचे तिकीट काढायचा आणि गंगाखेडला उतरायचा, कारण कंडक्टर समोर उभा राहिला की ‘ग’ घशातच अडायचा आणि ‘प’ निघायचा. ऐकणाऱ्याला यातले काही कळत नाही. त्याला तर हा तरुण नीट बोलणारा वाटतो. दुकानात हवी ती वस्तू न मागता उच्चारता येते ती मागणे, फोन भावाकडे देणे, वर्गात उत्तर येत असून ‘माहीत नाही’ म्हणणे, स्थळ पाहायला गेल्यावर घरच्यांनीच सगळे बोलणे, या सर्वांत अडखळणे वाचते पण माणूस आक्रसत जातो. मुलींच्या बाबतीत ही झाकपाक अधिकच होते, लग्न जमेपर्यंत कुणाला कळू नये म्हणून त्यांना दवाखान्यातही आणले जात नाही. मोठ्यांचे उपचार म्हणूनच दोन अंगांनी चालतात. एक अंग अडण्याच्या क्षणाचे आहे. ‘परभणी’ म्हणताना ‘प’वर ओठ आवळले जातात, मागे हवा कोंडते, आणि जोर लावावा तितके ओठ अधिक घट्ट मिटतात. आम्ही शिकवतो ते असे की अडल्यावर जोर सोडायचा, ओठ जेमतेम टेकलेले राहतील इतके सैल करायचे आणि तेथूनच शब्द हलकेच पुढे सरकवायचा. अडखळत का होईना शब्द निघाला, तर क्षणभर थांबून तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. मग अडण्याआधीच तो सैलपणा आणायचा. कधी कधी मुद्दाम अडखळायलाही सांगतो, कारण जे स्वतः करून पाहिले त्याची धास्ती ओसरते. दुसरे अंग टाळाटाळ सोडण्याचे आहे, आणि माझ्या मते तेच मोठे आहे. त्या तरुणाचा पहिला गृहपाठ गंगाखेडचे तिकीट मागणे हाच होता, ‘ग’ कितीही वेळ अडला तरी.

भाऊ मुलाखतीला जाणार असेल तर त्याने सुरुवातीलाच सांगावे: ‘मी बोलताना अडखळतो, मला थोडा जास्त वेळ लागेल.’ एवढे सांगितल्याने लपवण्याचा भार उतरतो आणि ऐकणाऱ्यालाही कसे वागावे ते कळते. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली संघटना आहे. तिच्या गटांत बोलणे हा अनेकांसाठी आयुष्यातला पहिला मोकळा संवाद असतो. अडखळण्यावर खास मान्यता मिळालेले औषध आजवर नाही. दहा दिवसांच्या शिबिरात ताणून, संथ बोलायला लावले की कोणीही अडखळत नाही. घरी परतल्यावर ते टिकत नाही आणि निराशा दुप्पट होते, म्हणून अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल अनेक जण विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा अपंगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढणे किंवा मेंदूच्या आजाराने भाषा जाणे अशी कायमची कारणे आहेत, त्यामुळे केवळ बालपणापासूनच्या तोतरेपणासाठी ते मिळणे अवघड आहे.

ओघवतेपणाचे इतरही विकार आहेत, ते थोडक्यात सांगते. काही मुले व तरुण इतक्या धावत्या व अनियमित वेगाने बोलतात की ‘विद्यापीठात’मधली अक्षरे गिळली जातात, वाक्य अर्धवट सोडून दुसरे सुरू होते, आणि ऐकणाऱ्याने ‘काय?’ विचारले की त्यांनाच नवल वाटते. त्यांना लक्ष देऊन बोलायला सांगितले की बोलणे सुधारते, तर तोतरेपणात लक्ष वेधले की बहुधा बिघडते. हा फरक तपासणीत उपयोगी पडतो. मोठ्या वयात अचानक अडखळणे सुरू झाले तर ते वेगळे प्रकरण समजावे. पक्षाघात, डोक्याला मार, कंपवात किंवा काही औषधे यांमुळे तसे होते. तेव्हा ‘आणि’, ‘तर’ अशा लहान शब्दांवरही माणूस अडतो आणि गाताना फरक पडतोच असे नाही. बोलणे एकाएकी बिघडण्यासोबत चेहरा वाकडा झाला किंवा हात लुळा पडला तर मिनिटभरही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. औषधामुळे झाल्याची शंका असली तरी ते आपल्या मनाने बंद करू नये.

तुमच्यासाठी जवळचा मार्ग असा आहे. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी व शाळांत तपासणीसाठी येते. अंगणवाडी सेविकेमार्फत किंवा थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी करून तेथील लवकर हस्तक्षेप केंद्राकडे मुलाची नोंद करा. मुलाची श्रवणचाचणीही करून घ्या. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात अपमान नाही. जवळ कोणी नसेल तर मुंबईची अली यावर जंग वाक्‌-श्रवण संस्था किंवा 1965 पासून कार्यरत असलेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था येथे चौकशी करता येते. व्हिडिओ कॉलवरून होणारे उपचारही चांगले चालतात.

पहिल्या भेटीला जाण्याआधी मुलाचे खेळतानाचे बोलणे चार-पाच वेगवेगळ्या दिवशी, त्याचे लक्ष जाणार नाही अशा रीतीने, मोबाईलवर टिपून ठेवा. दवाखान्यात अनोळखी माणसासमोर मुले नेमकी सलग बोलतात आणि खरे चित्र दिसत नाही. अडखळणे कोणत्या महिन्यात सुरू झाले, घरात आणखी कोण अडखळत होते आणि कोणाचे आपोआप गेले, हे वहीत लिहून घ्या. शक्य असल्यास भावालाही सोबत न्या, त्याची माहिती थेरपिस्टला फार उपयोगी पडेल आणि त्याची स्वतःची तपासणीही त्याच दिवशी सुरू होईल. मुलाचे बोलणे सुधारल्यावरही भेटी एकदम बंद करू नका. त्या हळूहळू लांबवत सुमारे वर्षभर चालू ठेवाव्या लागतात, आणि मधल्या काळात अडखळणे पुन्हा दिसू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेरपिस्टला फोन करा.